उण्याचा सोमवार

या, बसा पडवीत. चपला तिकडं काढा, चिखल फार आहे. आणि घाबरू नका हो, खाली कुणी कुणाचा जीव घेत नाही. तुम्ही वर येताना जो आरडाओरडा ऐकलात, "तुझ्या बांधाला भगदाड पडलंय", "रोपं पिवळी पडलीत, डोळे फुटलेत का तुझे", ते भांडण नव्हे. आज श्रावणातला दुसरा सोमवार. आमच्या आंबेखोलात याला उण्याचा सोमवार म्हणतात. आज सकाळपासून जो तो दुसऱ्याच्या शेतात जातो, बांधावर उभा राहतो आणि त्या पिकात जे जे उणं दिसेल ते मोठ्यानं सांगतो. मालकानं उलट बोलायचं नाही. मुकाट ऐकायचं आणि ऐकून झालं की सांगणाऱ्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. जावई असो, व्याही असो, कुणी सुटत नाही. मघाशी माझा चुलतभाऊ येऊन गेला. माझ्या नाचणीला त्यानं इतकी नावं ठेवली की एरवी मी त्याला काठी घेऊन हाकलला असता. दिला गूळ. काय करता!

आणि एक सांगून ठेवतो. आज कुणाच्या पिकाला छान म्हणू नका. बाहेरची माणसं येतात, हिरवं दिसलं की छान छान करत फोटो काढत सुटतात. उद्या काढा. आज इथल्या बायका खरंच रागावतात.

असं का, ते विचारताय ना? सांगतो, पण गोष्ट गोड नाही. मला माझ्या थोरल्या चुलतीनं सांगितली. तिला कुणी सांगितली ते विचारलं की ती म्हणायची, तुला गोष्ट हवी का वंशावळ? तेव्हा तुम्हीही मध्ये बोलू नका. माझा धागा तुटतो, आणि मग मी चिडतो.

फार मागं, देशावर मोठी धामधूम होती म्हणे. कुणाची फौज होती ते आमच्या गोष्टीत येत नाही. ज्याचं घर जळलं त्याला त्यानं काय फरक पडतो! फौज आली, उभी ज्वारी घोड्यांना चारली, जमिनीतली धान्याची पेवं उपसून नेली आणि जाताना गाव पेटवून दिलं. जी माणसं वाचली ती पोराबाळांना घेऊन आमच्या डोंगराकडं निघाली. त्यांच्या पुढं होता त्या गावचा पाटील, हैबती. त्याची बायको कणगीपाशी थांबली होती, ती घरातच जळाली. बरोबर त्याची सून होती, गोजरा, आणि तिच्या कडेवर तान्ही पोर, ठकी. गोजराचा नवरा नेलेली गुरं सोडवायला फौजेच्या मागावर गेला, तो परत आलाच नाही.

खालच्या खिंडीत त्या वेळी एक मठ होता. आता त्याचं जोतंसुद्धा राहिलेलं नाही. मठातल्या गोसाव्यांनी या माणसांना झाडांखाली जागा दिली, प्रत्येकाला एकेक लाकडी वाडगं दिलं आणि रोज दुपारी पेज वाढायला सुरुवात केली. देवमाणसं होती ती. त्यांना नावं ठेवणारी ही गोष्ट नाही. पण दुसऱ्याच्या हातची रोजची पेज काय असते ते खाणाऱ्यालाच ठाऊक. ज्यांच्या खळ्यावरून सुगीत कुणी रिकाम्या हातानं जात नसे, ती माणसं सकाळपासून वाडगं मांडीवर घेऊन बसू लागली. आधी लाजत बसली, मग सवयीनं. पुढं पुढं तर तुझ्यात जास्त वाढली, माझ्यात नुसतं पाणी, यावरून एकमेकांच्या अंगावर जाऊ लागली. हैबती पाटलानं तेव्हापासून बोलणंच टाकलं, असं सांगतात.

आमच्या गावात तेव्हा कोंडाई नावाची एक बाई होती. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, तोंडानं महाफटकळ. कुणाच्या भाकरीला मीठ कमी पडलं तरी चार घरांना ऐकू जाईल असं बोलायची. लग्नकार्यात तिला मांडवाच्या कडेला बसवत, नवऱ्या मुलीबद्दल काय बोलेल याचा नेम नसे. पण तिचं बोलणं खोटं ठरलेलं कुणी पाहिलं नव्हतं, एवढं मात्र गाव मान्य करायचा.

एक दिवस गवताचा भारा घेऊन ती मठावरून चालली होती. ही ओळ बसलेली बघून थांबली. "काय गं बायांनो," म्हणाली, "हातापायानं धड दिसताय की! किती दिस त्या पळीकडं डोळे लावून बसणार?"

सगळ्या खाली बघू लागल्या. गोजरा तेवढी ताडकन म्हणाली, "भुई द्या, मग बघा आमचे हातपाय."

"देते की," कोंडाई म्हणाली. "उद्या सकाळी वर या. न्हाई आलात तर मी हितं येऊन शिव्या घालीन."

गेली ती माणसं. कोंडाईचा वरच्या अंगाला एक उतार पडीक होता, तो तिनं त्यांना दिला. आपल्या घरच्या नाचणीच्या बियाण्यातलं निम्मं त्यांच्यासाठी बाजूला काढलं. गावानं तिला वेड्यात काढलं. उपऱ्यांना बियाणं देतेस, उद्या तू काय खाशील, असं लोक म्हणाले. "तुमची डोकी," कोंडाई म्हणाली आणि कामाला लागली. त्या माणसांनीही जीव तोडून काम केलं. दगड वेचले, माती अडवायला दगडी बांधांच्या ताली घातल्या, झुडपं खणून काढली. सकाळी कष्ट करायचे, दुपारी खाली उतरून पेज खायची, पुन्हा वर चढायचं. हैबती पाटील दगड उचलता उचलता हळूहळू बोलू लागला. स्वतःच्या दाण्याची भाकरी एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं. ठकीला पहिला घास आपल्या नाचणीचा भरवीन, असं गोजरा सगळ्यांना सांगत सुटली होती.

मग आली राबाची वेळ. तुम्ही शहरातले, तुम्हाला राब ठाऊक नसणार. नाचणी इथं ज्वारीसारखी सरळ पेरून चालत नाही. आधी एका तुकड्यात रोपं करायची, मग ती उपटून शेतभर लावायची. रोपं जिथं करायची तिथं उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, तोडलेल्या फांद्या असं थरावर थर रचतात आणि पेटवून देतात. तो राब. त्या आगीनं मातीतलं गवताचं बी मरतं, राखेनं रोपाला जोर येतो. हे आमच्याकडं पोरासोरांनाही कळतं.

कोंडाईनं त्यांच्याकडून राब रचून घेतला. काय रचतोय हे त्यांनी विचारलं नाही, हिनंही सांगितलं नाही. शेवटी ती खापरात निखारे घेऊन आली. तेव्हा कुठं त्या लोकांच्या ध्यानात आलं की ही आता भुई पेटवणार.

गोजरा धावत गेली आणि ठकीला पोटाशी धरून त्या ढिगावर बसली. ओरडली नाही, रडली नाही. नुसती बसून राहिली. दुसऱ्या बायका तिच्याभोवती जाऊन बसल्या. हैबती पुढं आला. म्हणाला, "बाई, तुमचे उपकार हायती. पर आग न्हाई. आमी आगीतनं आलोय. आमच्याकडं भुई जाळत न्हाईत, तरी पिकतीच. हीबी पिकंल."

"न्हाई पिकायची," कोंडाई म्हणाली. "गवत माजंल. नाचणी हाताला लागायची न्हाई. माझं ऐका."

कुणी हललं नाही. आता तुम्ही म्हणाल, एवढी फटकळ बाई, तिनं ढकलून द्यायचं त्यांना आणि पेटवायचं. जमलं असतं का तुम्हाला? गोजराची सासू डोळ्यांदेखत जळालेली, आणि तुम्ही तिच्या पायाशी विस्तव नेऊन ठेवणार? कोंडाईलाही नाही जमलं. तिनं निखारे दगडावर आपटून विझवले. दुसऱ्या दिवशी बियाणं मात्र ठरल्याप्रमाणं आणून दिलं. त्यांनी तो पाला बाजूला केला, जमीन भुसभुशीत केली आणि न जाळताच पेरली.

पाऊस लागला, आणि कोंडाईला हिवतापानं गाठलं. लावणीचे सगळे दिवस ती घोंगडीखाली कुडकुडत पडून होती. गावातले लोक आपापल्या लावणीत कंबर मोडून घेत होते, आणि खरं सांगायचं तर उपऱ्यांच्या उताराकडं कुणी वळून बघितलं नाही. त्याची लाज आम्हाला अजून वाटते. नुसतं एकानं जाऊन बघितलं असतं तरी भागलं असतं.

झालं काय, की त्या न जाळलेल्या तुकड्यात दोन्ही उगवलं. नाचणी उगवली, आणि तिच्यासारखंच दिसणारं रानगवत उगवलं. लहानपणी दोन्ही इतकी सारखी दिसतात की आम्हीसुद्धा खाली वाकून बुडखा बघतो. गवताचा बुडखा चपटा आणि पांढुरका असतो. नाचणी राखेवाचून फिकी, बारीक, मरतुकडी आली. गवत जोमात आलं. ही ज्वारीची माणसं. देशावर विरळणी करताना काय करतात? जोमदार रोप ठेवतात, मरतुकडं उपटून फेकतात. पिढ्यान् पिढ्या तेच केलेलं. तेच त्यांनी इथं केलं, तेही फार काळजीनं. एकेक रोप हातात घेऊन बघितलं. फिकी रोपं बांधाबाहेर टाकली, आणि गवताची रोपं निवडून निवडून सगळ्या उतारावर ओळीनं लावली.

श्रावण लागला तशी कोंडाई काठी टेकत उठली. उपऱ्यांना निरोप गेला. सगळी माणसं तिला न्यायला दारात आली. गोजरानं तिला हाताला धरून उतारावर नेलं, बांधावर घोंगडी अंथरून बसवलं, ती विधवा हे न बघता कपाळाला हळद लावली, मांडीवर ठकीला दिलं. समोर सगळा उतार हिरवागार. म्हणे त्या साली गावात कुणाचंच शेत तसं दिसत नव्हतं.

कोंडाईनं बसल्या बसल्या एक बुडखा बघितला. मग दुसरा. मग तिनं लांबवर नजर टाकली आणि तिला सगळं कळलं.

ती तोंड उघडणार, तेवढ्यात हैबती म्हणाला, "बाई, आज सकाळीच आमी वाडगी परत केली. समद्यांनी मिळून मठात जाऊन दिली. म्हटलं, म्हाराज, लई झालं. आता आमचं आमी बघतो." आणि तो म्हातारा पाटील हसला. त्याला हसताना त्याच्याच माणसांनी गाव जळाल्यापासून पाहिलं नव्हतं. गोजरा कोंडाईच्या तोंडाकडं बघत होती. विचारलं तिनं, "कसं आलंय?"

"छान आलंय," कोंडाई म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा ती खोटं बोलली, आणि तेही दयेपोटी. घरी जाऊन तिनं ठरवलं की उद्या सांगू. आज त्यांचा आनंदाचा दिवस आहे, तो मोडायला नको. दुसऱ्या दिवशी गेली, तर बायका गाणी म्हणत होत्या. तशीच परत आली. तिसऱ्या दिवशी घरातून निघालीच नाही. म्हणून मग ती देवीकडं गेली. वाघजाईपुढं पदर पसरून बसली. गवताची नाचणी कर, मी जन्मभर अनवाणी चालीन, असा नवस बोलली. निर्जळी उपास केला, ओल्या लुगड्यानं प्रदक्षिणा घातल्या. दुसऱ्या गावांच्या गोष्टींत इथं देवी प्रसन्न होते. आमच्या गोष्टीत झाली नाही. उताराच्या वरच्या कोपऱ्यात एका रोपाला खरं कणीस आलं होतं, असं काही जण सांगतात. मला विचाराल तर ते कुणीतरी मागाहून मनाला बरं वाटावं म्हणून जोडलंय. आणि आलं असलं तरी एका कणसाचं करायचं काय?

भाद्रपदात कणसं बाहेर पडली. बारीक, काटक्यांसारखी, चोळून बघितली तर हातात नुसतं कुसळ. हैबती एका कडेनं चोळत गेला, दुसऱ्या कडेपर्यंत गेला आणि तिथंच खाली बसला. माणसं मठाकडं धावली. मठात कुलूप. या माणसांनी वाडगी परत दिली, तेव्हा कोठारही संपत आलं होतं. गोसावी मोकळ्या मनानं पुढच्या मुलखात निघून गेले होते. त्यांचं तरी काय चुकलं? यांनीच सांगितलं होतं, आमचं आम्ही बघतो.

ते दिवस आमच्याकडं सगळ्यात वाईट. जुनं धान्य संपलेलं, नवं घरात यायचं असतं. कोंडाईनं आपली कणगी खरवडून दिली. गावानंही दिलं, जेवढं होतं तेवढं. जंगलातले कंद उकडून खाल्ले, भोपळ्याचे वेल खाल्ले. एवढ्या तोंडांना किती पुरणार? गोजराचं दूध आटलं. नवरात्र बसायच्या आधी ठकी गेली. तिचा पहिला घास व्हायचाच राहिला.

कोंडाई तिथं गेली. गोजरा रडत नव्हती. तिनं एकच विचारलं, "गवत हाय हे तुला कधी कळलं?"

कोंडाईला खोटं बोलता आलं असतं. पण ती म्हणाली, "श्रावणात. तुमी मला बांधावर बसवलंत तवाच."

"श्रावणात कळलं असतं तर काय करता आलं असतं?"

"उपटून कुळीथ टाकता आले असते. माझ्या घरात मडकंभर कुळीथ हुते. दिवाळीच्या पुढं हातात आले असते. आन् मठबी उघडा हुता, वाडगी मागून घेता आली असती."

 मग गोजरा म्हणाली, "तुला आमची दया आली. दया तर खाली मठात रोज मिळत हुती गं. तुझ्याकडं आमी ती मागाया आलो नव्हतो."

बास, एवढंच. शिवी नाही, शाप नाही. शाप दिला असता तर बरं झालं असतं, असं कोंडाई पुढं म्हणायची म्हणे. दोन दिवसांनी हैबती आपली माणसं घेऊन डोंगर उतरला. कुठं कुणी अन्न वाढतंय असं त्यांना कळलं होतं, तिकडं निघाले होते. कोंडाई खिंडीपर्यंत त्यांच्या मागं गेली. गोजरानं मागं वळून बघितलं नाही. त्या माणसांचं पुढं काय झालं, जगली का मेली, कुठं राहिली, कुणालाही ठाऊक नाही. आमच्या वाडवडिलांनी पुष्कळ शोध केला. नाही लागला पत्ता.

पुढच्या श्रावणात कोंडाई घरोघर गेली. प्रत्येकाला हात जोडून म्हणाली, माझ्या शेतात या आणि काय वाईट दिसतंय ते सांगा. लोकांना वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. पण ती ऐकेना. मग लोक गेले, चाचरत चाचरत बोलले. तिनं प्रत्येकाच्या हातावर गूळ ठेवला. आणि मग ती त्यांच्या शेतात गेली आणि जे दिसलं ते सगळं बोलली, आमच्या गावच्या पाटलाच्या शेतात बोलली, देवीच्या पुजाऱ्याच्या शेतात बोलली. त्या साली गावाला चार दाणे जास्त मिळाले म्हणतात. तेव्हापासून हा सोमवार सुरू झाला. कुणी नवीन माणूस गावात राहायला आला, कुठून उठून आलेला असो, पहिल्या श्रावणात सगळा गाव त्याच्या शेतात जातो. त्याला रडू येईपर्यंत उणं काढतो, आणि दुसऱ्या दिवशी सगळे मिळून ते निस्तरायला जातात.

आता थोड्या वेळानं, उन्हं कलली की, आम्ही वर जाऊ. तुम्हाला यायचं तर या, पण तिथं बोलायचं नाही. आजही तो उतार कुणी कसत नाही. ताली ढासळल्यात, रानगवत मात्र दर साली भरपूर येतं. गावातली सगळ्यात म्हातारी बाई पुढं होते. दोन वर्षांपूर्वीपर्यंत माझी चुलतीच जायची, आता सगुणाबाई जातात, त्यांना धरून न्यावं लागतं. बांधावर उभं राहून त्या उताराकडं तोंड करून मोठ्यानं हाक मारतात, "बायांनो, हे गवत हाय! उपटून टाका! अजून येळ हाय, कुळीथ हुतील!"

तीन वेळा मारतात. हाक मारून झाली तरी लगेच कुणी निघत नाही. उगीचच थोडा वेळ थांबतात सगळे. मग खाली येऊन जेवतात.